यार्ड मोजायचे की उतारा बघायचा? अमेरिकन फुटबॉलच्या आकड्यांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात "खेळातल्या आकड्यांबद्दल काहीही विचारा" म्हणून लिहिलं होतं. मला वाटलं क्रिकेटचे प्रश्न येतील, नाहीतर कबड्डीचे, पण पत्रांत आणि मेसेजमध्ये अमेरिकन फुटबॉलचेच एवढे निघाले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. कारण पण पत्रांतूनच कळलं, कुणाची मुलगी टेक्सासला, कुणाचा भाचा न्यू जर्सीला, आणि व्हिडिओ कॉलवर "काल आमची टीम जिंकली" ऐकून ऐकून इकडची माणसं पण बघायला लागलीत. ज्यांनी हा खेळ कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मैदान १०० यार्डांचं, बॉल ज्यांच्याकडं आहे त्या बाजूला (ती ऑफेन्स, अडवणारी ती डिफेन्स) १० यार्ड पुढं जायला ४ चान्स, प्रत्येक चान्सला डाऊन म्हणतात, त्यात होणारी एक चाल म्हणजे प्ले, १० यार्ड झाले की परत नवे ४. पार टोकाला पोचलात तर टचडाऊन, ६ पॉइंट, आणि मधूनच लाथ मारून खांबांमधून बॉल घातला तर फील्ड गोल, ३ पॉइंट. बाकीचं लागेल तसं सांगत जाते.

अक्का, माझा भाचा म्हणतो टीम चांगली की वाईट ते एकूण यार्डांवरनं ठरवायचं, तिकडं टीव्हीवर पण तसंच दाखवतात म्हणे, एक नंबर ऑफेन्स, एक नंबर डिफेन्स, सगळं यार्डांवर. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येईना. आमचा ऊस आहे, आकड्यांची सवय आहे तशी. — निपाणीजवळच्या गावातून एक वाचक

काका, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, आणि कारण तुमच्याच शेतात आहे बघा. एकरी टनेज ८० काढलं म्हणून कुणी हुरळून जात नाही, कारखान्यात गेल्यावर साखर किती निघाली ते बघतात, म्हणजे उतारा, आणि कारखान्याचा दर पण उताऱ्यावर ठरतो. यार्ड म्हणजे टनेज, पॉइंट म्हणजे साखर. मैदानाच्या मधल्या भागात इकडून तिकडं ४०० यार्ड पळलात आणि शेवटच्या २० यार्डांत, ज्याला रेड झोन म्हणतात तिथं, अडकून प्रत्येक वेळी ३ पॉइंटवर समाधान मानलं तर टनेज भरपूर आणि साखर कमी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०१० ची सॅन दिएगो चार्जर्स. एकूण यार्डांत त्यांचा ऑफेन्स त्या वर्षी लीगमध्ये, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत, पहिला, आणि सगळ्यात कमी यार्ड दिले म्हणून डिफेन्स पण पहिला, दोन्ही पहिले! आणि टीम ९ जिंकली, ७ हरली, प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेलीच नाही. झालं काय, तर स्पेशल टीम, म्हणजे लाथ मारणं, लाथ मारलेला बॉल अडवणं, ही जी तिसरी बाजू असते तिथं त्यांनी सगळं घालवलं, पंट, म्हणजे चौथ्या डाऊनला लांब मारून समोरच्याला दिलेले बॉल, ब्लॉक झाले, समोरच्यांनी किक घेऊन पळत येऊन टचडाऊन केले. हे नुकसान ऑफेन्स-डिफेन्सच्या यार्डांच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही. उलटं उदाहरण २०११ ची ग्रीन बे पॅकर्स, सगळ्यात जास्त यार्ड देणारा डिफेन्स त्यांचाच, ३२ टीममध्ये शेवटचा, तरी १५ जिंकल्या आणि एकच हरली. त्यांनी स्वतः ५६० पॉइंट केले होते, मग समोरची टीम मागं पडलेली असायची आणि दमादमानं खेळायची सोय नसल्यानं पासवर पास टाकत सुटायची, त्यात यार्ड पण मिळायचे आणि बॉल पण हातातून जायचा. पॅकर्सनी त्या सीझनला ३१ इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच झेलले.

म्हणून यार्ड बघायचेच असतील तर एकूण नको, एका प्लेला किती ते बघा. टीमनं ७० प्ले खेळून ३५० यार्ड काढले तर प्लेला ५, दुसरीनं ५० प्लेत ३५० काढले तर ७, तक्त्यात दोघी सारख्या दिसतात पण दुसरी कितीतरी भारी. भाच्याला एवढं एकच सांगा, भागाकार करायला लाव म्हणावं.

अक्का, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून एनएफएलच्या मॅच कोण जिंकणार ते सांगणारं मॉडेल करायलोय. रनिंग यार्ड, किती वेळा बॉल घेऊन पळाले, टर्नओव्हर, बॉल किती वेळ ताब्यात होता, हे सगळं टाकलं की ॲक्युरसी एकदम भारी येते, पण पुढच्या आठवड्याच्या मॅच सांगायला गेलं की नाणं उडवल्यासारखं होतंय. गाईड म्हणतात अजून व्हेरिएबल टाक. काय टाकू? — खानापूर

अरे बाळा, टाकू नको, काढ. तुझा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला कारण बरीच मुलं ॲक्युरसी ९० च्या वर गेली की तिथंच थांबतात, तू पुढच्या आठवड्यावर लावून बघितलंस, तिथंच अर्धं काम झालंय.

आता नीट बघ. ज्या मॅचचा निकाल सांगायचाय त्याच मॅचचे आकडे तू मॉडेलला खायला घातलेस. म्हणजे मॅच संपल्यावर स्कोअरकार्ड हातात घेऊन कोण जिंकलं ते ओळखायचं, ते कुणालाही जमेल की. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट रनिंग यार्डांची आहे. जिंकणारी टीम जास्त पळते हे खरं, आकड्यात दिसतंच, पण ती पळाली म्हणून जिंकली का जिंकत होती म्हणून पळाली? या खेळात पास पूर्ण झाला नाही तर घड्याळ थांबतं आणि बॉल घेऊन पळणारा मैदानातच पडला तर घड्याळ चालू राहतं, म्हणून चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये १४ पॉइंटनी पुढं असलेली टीम काय करणार, पळत राहणार आणि वेळ खाणार, आणि मागची टीम घाईत पास टाकत राहणार. अगदी शेवटी तर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल टाकणारा मुख्य खेळाडू, बॉल घेऊन नुसता गुडघा टेकतो आणि ते सुद्धा रनिंगचा एक प्रयत्न म्हणून मोजलं जातं! म्हणजे मॅच जिंकून झालेली असताना केलेला नमस्कार तुझ्या मॉडेलला जिंकण्याचं कारण वाटतोय. क्रिकेटमध्ये "जिंकणाऱ्या टीमच्या बॅट्समननी विजयी शॉट मारला" म्हणून तोच शॉट जिंकायचं कारण म्हणण्यासारखं झालं ते. बॉल ताब्यात असायच्या वेळेचं पण तसंच, पुढं असलेला माणूस वेळ काढतो.

म्हणून प्रत्येक आकड्याला पहिला प्रश्न हा विचारायचा, हा आकडा आला म्हणून टीम जिंकली, का टीम जिंकत होती म्हणून हा आकडा आला? मी वर्गात ३० वर्षं हेच शिकवत आले, उदाहरणं बदलली तेवढीच.

दुसरा प्रश्न, हा आकडा टिकतो का? पहिल्या आठ आठवड्यांत जी टीम यात चांगली ती पुढच्या आठवड्यांत पण यात चांगली राहते का. टर्नओव्हर म्हणजे बॉल समोरच्याच्या हाती जाणं, त्या त्या मॅचचा निकाल सांगायला हा आकडा फार जोरकस, पण गेल्या महिन्यात कुणी जास्त बॉल हिसकावले यावरनं पुढच्या महिन्याचं फारसं कळत नाही. याउलट पासिंग किती चांगलं होतंय ते बऱ्यापैकी टिकतं. पण पासिंग मोजताना एक भानगड आहे ती बघून घे, क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आधीच पाडला की त्याला सॅक म्हणतात, त्यात गेलेले यार्ड एनएफएलमध्ये टीमच्या पासिंगमधून वजा होतात पण क्वार्टरबॅकच्या वैयक्तिक आकड्यातून होत नाहीत, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये तर ते रनिंगमधून वजा करतात. दोन ठिकाणचा डेटा एकत्र केलास तर गोंधळ होणार. सरळ हिशेब असा कर, पासिंगचे यार्ड वजा सॅकमध्ये गेलेले यार्ड, भागिले पासचे प्रयत्न अधिक सॅक. हा एकच कॉलम तुझ्या आत्ताच्या चारही कॉलमपेक्षा पुढच्या आठवड्याबद्दल जास्त सांगेल.

आणि टेस्ट करताना मॅच रँडम वाटून घेऊ नको. आधीच्या वर्षांवर शिकव आणि नंतरच्या वर्षांवर तपास, प्रत्येक मॅचसाठी त्या तारखेच्या आधीचेच आकडे वापर. एनएफएलव्हर्स नावानं १९९९ पासूनचा प्रत्येक प्लेचा डेटा फुकट मिळतो, त्यात सगळं आहे. मग ॲक्युरसी ६० ते ६५ च्या आसपास आली तर नाराज होऊ नको. गाईड सरांना पण हे नीट समजावून सांग, ऐकतील. रिपोर्टमध्ये पहिलं मॉडेल का फसलं ते सविस्तर लिही, परीक्षकाला तेच वाचायला आवडेल, मला तरी आवडलं असतं.

ताई, ईपीए ईपीए म्हणून सगळीकडं ऐकू येतंय, जावई पण तेच बोलतात, आमच्या डोक्यावरनं जातंय. सोप्या भाषेत सांगता का? — वडगाव, बेळगाव

सांगते. डकवर्थ-लुईस आठवा. पाऊस पडला, २० ओव्हरमध्ये १०० झालेत, पण २ बाद १०० आणि ७ बाद १०० एकच का हो? नाही, कारण पुढं किती रन होऊ शकतात ते हातातल्या विकेट आणि उरलेल्या ओव्हरवर असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये पण तसंच केलंय, कितवा डाऊन आहे, किती यार्ड हवेत, मैदानात कुठं आहे, यावरनं सरासरी किती पॉइंटची आशा धरता येईल त्याचा आकडा काढतात. स्वतःच्या २५ यार्डावर पहिला डाऊन म्हणजे साधारण एक पॉइंट, समोरच्याच्या गोललाइनजवळ, म्हणजे टोकाच्या रेषेजवळ, सहाच्या आसपास, आणि स्वतःच्याच गोललाइनला चिकटून उभे असाल तर शून्याच्या खाली, म्हणजे पुढचे पॉइंट तुमच्यापेक्षा समोरचेच करण्याची शक्यता जास्त. एका प्लेनं ही आशा किती वाढली का घटली, तो ईपीए, म्हणजे एक्स्पेक्टेड पॉइंट्स ॲडेड, एवढंच.

याचा फायदा काय, तर यार्ड खोटं बोलतात तिथं हा खरं बोलतो. तिसऱ्या डाऊनला १५ यार्ड हवे असताना ९ मिळाले, यार्डांत चांगलं दिसतं, पण आता चौथ्या डाऊनला बॉल लांब मारून समोरच्याला द्यावा लागणार, म्हणून ईपीए वजा. तिसऱ्या डाऊनला १ हवा असताना २ मिळाले, यार्ड दोनच, पण नवे ४ चान्स मिळाले, ईपीए अधिक.

ही कल्पना काल-परवाची नाही, मला याचंच फार कौतुक वाटतं. १९७१ साली व्हर्जिल कार्टर नावाच्या खेळाडूनं रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकांबरोबर पेपर लिहिला, १९६९ च्या सीझनच्या प्लेंवरनं मैदानात कुठं पहिला डाऊन असला तर किती पॉइंटची आशा धरावी ते काढलं, आणि हा कार्टर तेव्हा सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता! म्हणजे रविवारी मैदानात स्वतः बॉल टाकणारा माणूस गणिताच्या जर्नलमध्ये लिहीत होता. जावयांना ही गोष्ट सांगा.

एक जपायचं, नुसता ईपीए समोर कोण होतं ते सांगत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात दहा कुस्त्या मारल्या म्हणताना समोर कोण कोण होतं हे आपण विचारतोच ना, तसं इथं पण विचारायचं, कारण ३२ टीम आहेत आणि एका टीमच्या सीझनमध्ये १७ मॅच, त्यात फक्त १४ वेगवेगळे विरोधी. कुणाला सोपे मिळतात कुणाला अवघड. ॲरन शाट्झ यांनी २००३ पासून डीव्हीओए नावाचा आकडा काढायला सुरुवात केली, त्यात समोरच्या टीमचा आणि परिस्थितीचा हिशेब धरलेला असतो, म्हणून टीम-टीमची तुलना करायला तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

अक्का, २०२२ ला मिनेसोटा वायकिंग्जनी १३ मॅच जिंकल्या आणि ४ च हरल्या, आमचे बंधू तिकडंच राहतात, घरात एवढा आनंद, आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला बाहेर. कशामुळं? जिंकणं-हरणं याच्यापेक्षा मोठा आकडा कुठला असणार वो? — अथणी

असतो की. त्या सीझनला वायकिंग्जनी ४२४ पॉइंट केले आणि ४२७ दिले. १३ मॅच जिंकलेली टीम आणि पॉइंटचा फरक वजा ३! एका स्कोअरच्या, म्हणजे ८ पॉइंटपर्यंतच्या फरकाच्या (टचडाऊनचे ६ आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे जास्तीत जास्त २) ११ मॅच झाल्या आणि त्या अकराच्या अकरा त्यांनी जिंकल्या. आणि हरल्या तेव्हा कशा हरल्या, डॅलसनं त्यांना ४०-३ नं मारलं. त्याच सीझनला इंडियानापोलिसविरुद्ध ३३-० नं मागं असताना ३९-३६ नं जिंकले, एनएफएलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा कमबॅक, तुमच्या बंधूंनी तो बघितला असेल तर जन्मभर विसरणार नाहीत. पण बघा, पहिल्या हाफमध्ये ३३-० नं मागं पडणं ही पण माहितीच आहे ना.

केलेल्या आणि दिलेल्या पॉइंटवरनं किती मॅच जिंकायला हव्या होत्या याचा एक हिशेब आहे, बेसबॉलमधून आलाय, दोन्ही आकड्यांचा २.३७ वा घात घेऊन गुणोत्तर काढतात. मी वायकिंग्जचा काढला तर १७ पैकी साधारण साडेआठ येतात. झाल्या १३. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना ३१-२४ नं हरवलं, म्हणजे ती पण एका स्कोअरचीच मॅच, यावेळी फासा दुसऱ्या बाजूला पडला. पुढच्या वर्षी ७ जिंकल्या १० हरल्या, अर्थात त्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक मध्येच जखमी होऊन बाहेर गेला, ते पण धरायला पाहिजे, सगळं नशिबावर टाकणं बरोबर नाही.

म्हणून पुढचा अंदाज घ्यायचा असेल तर जिंकल्या-हरल्यापेक्षा पॉइंटचा फरक बघा, आपल्या आयपीएलच्या नेट रनरेटसारखा. तरी हा फरक पण देवाची वाणी नाही. २०११ च्या न्यूयॉर्क जायंट्सचा फरक वजा ६ होता, ९ जिंकल्या ७ हरल्या, कसेबसे प्लेऑफमध्ये आले आणि पॅकर्सना, त्याच १५ जिंकलेल्या पॅकर्सना, त्यांच्याच मैदानावर ३७-२० नं पाडून पुढं सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकले. १७ मॅच, तेव्हा तर १६ च होत्या, म्हणजे नमुना फार लहान. तुमच्या बंधूंचा आनंद काही खोटा नव्हता, त्या १३ मॅच त्यांनी खरंच जिंकल्या, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

फंबल झालेला बॉल उचलण्यात काही टीम पटाईत असतात असं कॉमेंटेटर म्हणतात, खरं का? — चिकोडी

फंबल म्हणजे खेळाडूच्या हातातून बॉल पडणं. बॉल पाडायला लावणं यात थोडं कौशल्य आहे. पडलेला बॉल कुणाला मिळणार यात जवळजवळ नाही, लांबट आकाराचा बॉल, कसा उसळेल त्याचा नेम नाही, अर्धे इकडं अर्धे तिकडं. ज्या टीमला एका सीझनला सगळेच मिळाले ती पुढच्या वेळी अर्ध्यावर येणार असं धरून चाला.

क्वार्टरबॅकच्या रेटिंगचा जास्तीत जास्त आकडा १५८.३ का असतो, १०० का नाही? — हिंडलगा

१९७३ ला एनएफएलनं हे रेटिंग घेतलं, त्यात चार भाग, किती पास पूर्ण झाले, एका प्रयत्नाला यार्ड, टचडाऊनचं प्रमाण, इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येक भागाला २.३७५ ची कमाल मर्यादा, चारी मिळून ९.५, त्याला ६ नं भागून १०० नं गुणलं की १५८.३. यात सॅक नाहीत, क्वार्टरबॅक स्वतः पळाला तर ते पण नाही, म्हणून टीम कशी आहे हे ठरवायला मी हा आकडा वापरत नाही.

ताई, माझा मुलगा नववीत आहे, रविवारी रात्री मोबाईलवर मॅच लावून बसतो आणि वही भरून आकडे लिहितो, कुणी किती यार्ड काढले वगैरे. रागवावं का कौतुक करावं कळेना. निदान काहीतरी शिकण्यासारखं तरी लिहू दे त्यानं. — शहापूर

कौतुकच करा, मी नववीत असताना रेडिओवर क्रिकेट ऐकून अशीच वही भरायचे. फक्त एक, थंडीच्या दिवसांत तिकडच्या दुपारच्या मॅच आपल्याकडं रात्री साडेअकराला सुरू होतात, सोमवारी शाळा असते, तर त्यानं पहिला क्वार्टर बघून झोपायचं आणि बाकीची नंतर लावायची, आकडे कुठं पळून जात नाहीत.

वहीत काय लिहायचं ते सांगते, पाच रकाने आखायला सांगा. कितवा डाऊन, किती यार्ड हवे, मैदानात कुठं, किती मिळाले, आणि पाचवा रकाना बरोबर किंवा फुली. बरोबर कधी द्यायचं त्याचा जुना नियम आहे, पहिल्या डाऊनला हवे त्याच्या ४० टक्के मिळाले तर, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. म्हणजे पहिल्या डाऊनला १० हवेत आणि ४ मिळाले, बरोबर. मग दुसऱ्याला ६ हवेत, ३ मिळाले, ६० टक्के म्हणजे ३.६, तेवढे नाहीत, फुली. तिसऱ्याला ३ हवेत, ३ मिळाले, बरोबर. मॅच संपल्यावर प्रत्येक टीमच्या बरोबर भागिले एकूण प्ले, याला सक्सेस रेट म्हणतात, मोठे मोठे विश्लेषक हेच वापरतात आणि नववीतल्या मुलाला टक्केवारी येते तेवढ्यात होतं.

सहावा रकाना हवा असेल तर त्या वेळचा स्कोअर. तीन-चार टचडाऊनचा फरक पडल्यावरचे प्ले वेगळ्या रंगाच्या पेननं लिहायला सांगा आणि सक्सेस रेट दोनदा काढायला सांगा, एकदा सगळे धरून आणि एकदा ते रंगीत सोडून. दोन आकड्यांत फरक का पडतो ते तुम्ही सांगू नका, त्यालाच विचारा. आणि चार-पाच मॅचची वही भरली की मला फोटो पाठवा, पुढच्या अंकात त्याच्याच वहीवरनं लिहीन.